गालिच्याखालच्या मुंग्या



आमच्या भाचीने बोईसरला नवा फ्लॅट घेतला. वास्तूच्या दिवशीच तिने मला रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं आणि विचारलं, "मामी, इथे कार्पेट केवढं घेऊ? आणि टाकू कसं, सोफ्याच्या पायांखाली की पुढे?" तिच्या मोबाइलवर दहा-बारा फोटो होते आणि सगळ्यांखाली सल्ला एकच. कार्पेट मोठं घ्या, सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर येऊ द्या, म्हणजे खोली भरलेली दिसते. लहान कार्पेट मधोमध टाकलं तर पायपुसण्यासारखं दिसतं. सल्ला दिसायला बरोबर आहे. सहा वर्षांपूर्वी दुकानदाराने मलाही तोच दिला होता आणि मी तो ऐकला होता. त्यानंतर आमच्या वैतरणाच्या घरात काय झालं, ते मला त्या गडबडीत तिला सांगता आलं नाही. शिवाय त्या गोष्टीत अकबर बादशहा येतो, पुण्याचा फरासखाना येतो आणि इंग्लंडची राणीही येते. म्हणून इथे बसून लिहिते.

आमचं वैतरणा म्हणजे विरारच्या पुढचं लहानसं स्टेशन. जैन घरं बोटांवर मोजण्याइतकी. ज्येष्ठात गुजरातकडून मुंबईच्या चातुर्मासासाठी साध्वीजी पायी येतात. बहुतेक हायवेने जातात, काही रेल्वेच्या कडेच्या गावांतून येतात आणि आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचं दर्शन करून पुढे निघतात. त्यामुळे आमच्या दारात "धर्मलाभ" हा शब्द ऐकू येणं म्हणजे वर्षातून दोन-चार वेळचा सण. कार्पेट घेतल्याच्या पुढच्याच वर्षी एका सकाळी तो शब्द ऐकू आला. मी "पधारो म.सा." म्हणत पुढे झाले. दोन साध्वीजी उंबरठ्याच्या आत आल्या आणि थांबल्या. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर आमचं सहा बाय नऊ फुटांचं जाड लोकरी कार्पेट पसरलेलं होतं. मोठ्या साध्वीजींनी खाली पाहिलं, ओघा हातात तसाच धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "इथून पुढे जमीन दिसत नाही."

मी पटकन कार्पेटचं टोक उचलायला वाकले. त्यांनी हाताने थांबवलं. आमच्यासाठी काही हलवू नका, म्हणाल्या. ते बरोबरच होतं. त्यांच्या निमित्ताने घरात उलथापालथ झाली, त्यात एखादा जीव चिरडला, तर तो दोष त्यांनाही लागतो. आणि खरं सांगायचं तर मला ते हलवता आलंही नसतं, कारण त्यावर सोफ्याचे दोन पाय होते. त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. ओट्यावर रोटी, दुधीची भाजी, मुगाची डाळ तशीच वाफाळत राहिली.

सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी सामायिकाला कटासणं घातलं ते रोजच्या जागी नाही, दाराजवळच्या उघड्या फरशीवर. सामायिक पारल्यावर एवढंच म्हणाल्या, "बीनणी, हीरसूरि म.सा. बादशहाच्या गालिच्यावरसुद्धा चढले नव्हते."

माझं माहेर नगरकडचं, स्थानकवासी. हीरविजयसूरींचं नाव ऐकलं होतं, पण ही गोष्ट माहीत नव्हती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ती पाठ असेल, तरी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

गोष्टीची सुरुवात एका श्राविकेपासून होते, हे मला फार आवडतं. परंपरा सांगते की चंपा नावाच्या श्राविकेने सहा महिन्यांचा उपवास केला आणि तिची मिरवणूक अकबराने पाहिली. इतके दिवस अन्नाशिवाय कुणी राहू शकतं यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने चौकशी केली तेव्हा तिने श्रेय आपल्या गुरूंना दिलं. गुरू म्हणजे तपागच्छाचे आचार्य हीरविजयसूरि. ते तेव्हा गुजरातमध्ये भरूचजवळच्या गंधारला होते. १५८२ मध्ये त्यांना बोलावणं गेलं. प्रवासासाठी हत्ती-घोडे-पालख्या देऊ केल्या होत्या. आपले साधू काय करणार, ते चालत निघाले. पन्नाशी उलटलेलं वय. पाटण, सिरोही असं करत १५८३ च्या जूनमध्ये ते फतेहपूर सिक्रीला पोचले, म्हणजे ज्येष्ठातच.

बादशहा भेटला आणि त्यांना आत महालाकडे घेऊन निघाला. वाटेत गालिचा अंथरलेला होता. आचार्य त्याच्या कडेला थांबले. अकबराने कारण विचारलं. ते म्हणाले, याच्याखाली जीव असू शकतील, आम्हाला जमीन पाहूनच पाऊल टाकायची आज्ञा आहे. बादशहाला हसू आलं असणार. रोज झाडलोट होणाऱ्या महालात, नोकरांची फौज असताना, मुंग्या कुठून येणार? त्याने गालिच्याचं टोक उचलायला लावलं. खाली मुंग्या होत्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पर्युषणात प्राणिहत्या बंद ठेवण्याची फर्मानं, 'जगद्गुरु' ही पदवी, वगैरे. व्याख्यानात ही गोष्ट बहुधा चमत्कार म्हणून सांगतात: आचार्यांना ज्ञानाने मुंग्या दिसल्या. मला तसं वाटत नाही, आणि यात अविनय असेल तर मिच्छामि दुक्कडं. मुंग्या आहेत असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. असू शकतील, एवढंच म्हटलं होतं. जे अंथरूण उचललं जात नाही त्याच्याखाली काहीतरी राहायला येतं, हे समजायला दिव्यज्ञान लागत नाही; घर झाडणाऱ्या कुठल्याही बाईला ते कळतं. बादशहाला कळत नव्हतं, कारण त्याने कधी काही उचललं नव्हतं.

मग मी अकबराच्या गालिच्यांमागे लागले. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त फर्राशखान्याचं वेगळं प्रकरण लिहिलं आहे. तंबू, कनाती आणि अंथरुणं सांभाळणारं ते खातं. त्यात तो अभिमानाने सांगतो की बादशहाने असे कारागीर नेमले आहेत की इराणच्या गालिच्यांची आता कुणाला आठवणही येत नाही. गालिचे विणणारे गावोगावी स्थायिक झाले, विशेषतः आग्रा, फतेहपूर आणि लाहोरला. शाही कारखान्यातल्या एका गालिच्याची मापंही तो देतो. लांबी वीस गजांहून जास्त, रुंदी सहा गजांहून जास्त, खर्च १८१० रुपये आणि जाणकारांनी केलेली किंमत २७१५ रुपये. पुढे म्हणतो की जाजम, शतरंजी यांचं वर्णन करत बसलो तर फार वेळ जाईल. चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी ग्रंथात आपली जाजम आणि सतरंजी अशी घाईत उरकलेली वाचून मला हसूच आलं.

म्हणजे आचार्य ज्या गावात गालिच्यापाशी थांबले, ते गावच गालिच्यांचं होतं. बादशहाच्या दृष्टीने त्या गालिच्यावरून पाहुण्याला नेणं हा मोठ्यात मोठा मान. आणि याच 'आईन'मध्ये अबुल फजलने काळातल्या विद्वानांची यादी केली आहे, तिच्या पहिल्या वर्गात हीरजी सूर हे नाव आहे. गालिच्याची मापं लिहिणारा आणि गालिच्यावर न चढणाऱ्याला पहिल्या वर्गात बसवणारा लेखक एकच.

आता शब्दाकडे या. अरबीत फर्श म्हणजे पसरणं, पसरलेली वस्तू. जो पसरतो तो फर्राश, आपल्या मराठीत फरास. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना आहे. पुण्यात बुधवार पेठेत फरासखाना पोलीस चौकी आहे. पेशव्यांचे तंबू, बिछायती जिथे ठेवल्या जात त्या जागेचं नाव तिला मिळालं. माझी मावशी त्या बाजूला राहायची, लहानपणी आम्हाला वाटायचं फरासखाना म्हणजे फाशी देण्याची जागा! तर हे अख्खं खातं कशासाठी होतं? अंथरायला, आणि मुख्य म्हणजे उचलून, झाडून, घडी करून ठेवायला. अंथरूण एका जागी राहिलं असतं तर ते ठेवायला कोठार कशाला लागलं असतं? दरबार भरला की बिछायत पसरायची, दरबार उठला की गुंडाळायची.

आणि मराठीत 'फरशी' म्हणजे काय? दगडाची लादी. पसरायची वस्तू होती, तिचं नाव हलवता न येणाऱ्या जमिनीला लागलं. शब्दाच्या बाबतीत जे झालं तेच पुढे गालिच्याच्या बाबतीत झालं, असं मला वाटतं.

आपल्या घरांत मात्र ते खूप उशिरा झालं. माझ्या आजोबांची नगरकडे कापडाची पेढी होती. सकाळी दुकान उघडलं की आधी जमीन झाडायची, मग जाजम, त्यावर गादी, वर पांढरी चादर, लोड आणि तक्के. संध्याकाळी चादर झटकायची, गादी उलटायची, जाजम दुमडायची. घरातल्या खोलीतही तेच. पाहुणे आले की आजी आतून सतरंजी आणायची. पाहुणे गेले की ती पुन्हा घडी होऊन पेटीवर. सतरंजी हे नाव शतरंजावरून, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींमुळे आलं म्हणतात. जाड सुती जमखाना लग्नाकार्याला निघायचा. वस्तू कुठलीही असो, दिवसातून एकदा तिच्याखालची जमीन दिसायची. आजीने जयणा हा शब्द फारसा उच्चारला नसेल, पण सतरंजी उचलताना आधी टोक हळूच वर करून खाली पाहायची सवय तिला होती. विंचवाच्या भीतीने म्हणा, नाहीतर धर्माने म्हणा. दोन्ही असावं.

धर्माची आपली स्वतःची अंथरुणंही अशीच आहेत. कटासणं लोकरीचंच असतं, तेव्हा लोकर वर्ज्य आहे असं काही नाही. पण ते केवढं? एक माणूस मांडी घालून बसेल एवढं. चरवळ्याने जागा पुंजायची, कटासणं घालायचं, अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की उचलायचं. साधू-साध्वींचा संथारा तसाच, आणि त्यांना तर सकाळ-संध्याकाळ पडिलेहण. सासरकडच्या मारवाडी संघांत प्रतिष्ठेच्या आधी जाजमचा मुहूर्त असतो. संघ बसणार ती जाजम अंथरण्याचा लाभ कुणी घ्यायचा याचाही चढावा होतो. मला आधी तो चढावा विचित्र वाटायचा. जाजम अंथरायला पैसे कसले मोजायचे? फरासखान्याबद्दल वाचल्यावर तो कळला. दरबारात जे काम नोकराचं, ते संघात शेठ हौसेने करतो.

मग गालिचा जमिनीला चिकटला कधी? खुर्च्या आल्या तेव्हा. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घरांत बैठकीशेजारी इंग्रजी थाटाचा दिवाणखाना आला. बैठकीत माणूस जाजमेवर बसतो. खुर्चीच्या खोलीत माणूस खुर्चीवर बसतो आणि गालिच्यावर फक्त पाय आणि लाकडाचे खूर राहतात. त्यामुळे तो उचलायचं रोजचं कारणच संपलं.

त्या काळातल्या एका गालिच्याची गोष्ट सांगते. फतेहपूरजवळच्या त्याच आग्र्यात इंग्रजांच्या काळी तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिथल्या कैद्यांनी एक अखंड, बिनजोडाचा गालिचा विणला. तो १८९४ मध्ये पुरा झाला. विंडसरच्या किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनात तो अजून आहे. वजन सुमारे दोन टन. १९९२ मध्ये किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. अकबराने टोक तरी उचलायला लावलं होतं. या गालिच्याचं टोक बघायला पलटण बोलवावी लागते. आपल्या पुण्यातही येरवड्याच्या तुरुंगात गालिचे विणले जात आणि ते परदेशी जात.

कैदी विणत होते हे वाचून मी जराशी थांबले. आपण गालिच्याखालच्या मुंग्यांचा विचार करतो, पण गालिच्यामागच्या बोटांचा? हाताच्या गाठींच्या गालिच्यात एकेक गाठ बोटांनी मारावी लागते, आणि भदोही-मिर्झापूरच्या मागांवर लहान मुलं बसवली जात होती, हे आपल्याच हयातीतलं आहे. १९९४ मध्ये त्यासाठी 'रगमार्क'चं लेबल सुरू झालं, बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्याची खूण म्हणून. आता ते 'गुडवीव्ह' नावाने चालतं. आपण रेशमी साडी घेताना किड्यांचा विचार करायला लागलो आहोत, माझ्या कितीतरी मैत्रिणींनी रेशीम सोडलं. गालिचा घेताना हा प्रश्न दुकानात मी स्वतः विचारला नव्हता. दुकानदाराला मी फक्त रंग जाईल का ते विचारलं.

आता आमच्या कार्पेटचं काय झालं ते. साध्वीजी परत गेल्या त्या दिवशी ते उचलायला हवं होतं. उचललं नाही. सोफा हलवायला चार माणसं लागतात, रविवारी बघू, असं म्हणता म्हणता पाऊस लागला. वैतरणाचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगते: नदी, खाडी आणि मिठागरांची हवा, आषाढात भिंतीला हात लावला तरी ओला होतो, कपाटातल्या चपलांना पांढरी लव येते. आमचं कार्पेट टफ्टेड प्रकारचं होतं, म्हणजे लोकरीचे तुकडे मागच्या कापडात खोचून त्यावर डिंकासारखा रबरी थर दिलेला. तो थर जमिनीची ओल धरून ठेवतो आणि हवा जाऊ देत नाही. हे मला नंतर कळलं.

पर्युषणाच्या आधीच्या सफाईला दुकानातली दोन माणसं बोलावून सोफा सरकवला आणि कार्पेट एका बाजूने वर केलं. आधी वास आला. मग दिसलं. सोफ्याच्या पायांपाशी, जिथे दाब होता, तिथे हिरवट-काळी बुरशी. माहेरी आम्ही तिला फूलण म्हणायचो, इथे लीलफूग म्हणतात. नाव कुठलंही घ्या, अनंतकाय ती अनंतकाय. कडेला लोकर खाणारी कसर, तिच्या बारीक अळ्या. आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात मुंग्या, अंड्यांसकट. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी कार्पेटचं टोक हातात धरून तशीच बसून राहिले, कारण खाली ठेवलं तरी मरणार होत्या आणि ओढलं तरी. गोचरी परत गेल्याचं दुःख वेगळं होतं, त्यात मी स्वतःला बिचारी समजू शकत होते. इथे तसं नव्हतं. वर्षभर त्यावर आम्ही चाललो होतो, मुलं उड्या मारत होती, मी त्यावर बसून नवकारवाळी फिरवली होती.

पुंजणी आणि सुपडीने जेवढ्या मुंग्या निघाल्या तेवढ्या बागेत आडोशाला सोडल्या. उन्हात टाकलं नाही, फवारा मारला नाही. कार्पेट महिनाभर मागच्या पडवीत आडव्या बांबूवर लटकत होतं. पुढे दुकानातल्या एकाने मागितलं, त्याला दिलं. नाही म्हणवलं नाही, आणि देऊन बरंही वाटलं नाही. त्या वर्षी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणताना ते कार्पेटच डोळ्यांसमोर होतं. नंतर मुंबईत एका साध्वीजींकडे आलोयणा घेतली. काय मिळाली ते इथे लिहीत नाही.

दोन वर्षं हॉल उघडाच ठेवला. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना थंड फरशी सोसत नाही, मुलांना खाली बसून अभ्यास करायचा असतो, आणि मलाही, कबूल करते, ती खोली ओकीबोकी वाटायची. मग आम्ही सतरंजी आणली. चार बाय सहा, हातमागाची, सुती. भाचीला मी आता जे सांगणार आहे ते या सतरंजीवरून शिकलेलं.

माप खोलीवरून ठरवू नकोस, आपल्या दोन हातांवरून ठरव. तुला एकटीला, कुणाला हाक न मारता, जी उचलता आणि झटकता येईल तेवढीच वस्तू. आमची सतरंजी मी एकटी उचलते, आणि बादलीत नाही तरी मोरीत धुता येते. मागे रबर किंवा डिंकाचा थर नको. आजकाल गुळगुळीत टाइलवर सरकू नये म्हणून खाली घालायला रबरी जाळी देतात. ती घेतलीस तर तीही सतरंजीबरोबर रोज उचलावी लागेल, नाहीतर ओल धरायला तीच पुरते. आम्ही जाळी घेतली नाही, जागाच अशी निवडली की तिथून कुणी घाईने जात नाही. सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये ती असते, सोफ्याचा एकही पाय तिच्यावर नाही, मध्ये वीतभर फरशी मोकळी, म्हणजे झाडू सरळ फिरतो. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची तीन फुटांची वाट पूर्ण उघडी. ती वाट आधी मोजायची, मग उरलेल्या जागेत अंथरूण बसवायचं. मी उलटं केलं होतं. घरात म्हातारं माणूस असेल तर याच वाटेवर दुमडलेल्या काठाला अडखळून पडायची भीतीही त्याने जाते.

रंग फिका आणि साधा. फुलं-वेलींच्या गर्दीत मुंगी दिसत नाही. दुकानदार त्यालाच "मळखाऊ" म्हणून विकतो. मळ दिसायला हवा, म्हणजे आपण झाडतो. झटकण्याआधी सतरंजी उलटी करून पुंजणी फिरवायची, काठीने बडवायची नाही. आषाढ चौदसच्या आधी एक कडक उन्हाचा दिवस बघून, खाली-वर नीट पाहून, ती वाळवायची आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कपाटात ठेवायची. डांबराच्या गोळ्या नाहीत. कार्तिकी पौर्णिमा झाली, साधू-साध्वींचे विहार सुरू झाले, की बाहेर काढायची. चार महिने फरशी उघडी, सासूबाईंसाठी तेवढ्यापुरता पाट आणि घडीची गोधडी.

फोटोतल्यासारखी खोली दिसते का? नाही दिसत. लहान अंथरूण मधोमध असलं की पायपुसण्यासारखं दिसतं, हे त्या सल्ल्यातलं खरंच आहे. आम्ही ती मधोमध न टाकता सोफ्याच्या रेषेत, भिंतीला समांतर टाकली आणि टीपॉय बाजूला घेतला, तेव्हा जरा बरं दिसायला लागलं. ज्यांचा हॉल मोठा आहे त्यांनी एका मोठ्याऐवजी दोन सतरंज्या शेजारी शेजारी टाकून बघाव्यात. आमच्या नणंदेने तसं केलं आहे आणि ते छान दिसतं.

मागच्या वर्षी पौषात साध्वीजी आल्या होत्या. निराळ्या होत्या, तरुण, गुजरातकडे परत निघालेल्या. सतरंजीच्या कडेने, उघड्या फरशीवरून, साडेतीन हात पुढची जमीन पाहत स्वयंपाकघरापर्यंत आल्या. खिचडी आणि दोन रोट्या वहोरल्या, धर्मलाभ म्हणाल्या आणि गेल्या. सतरंजीकडे त्यांचं लक्षही गेलं नसेल. सासूबाई मात्र त्या दिवशी दोनदा येऊन तिचा काठ सरळ करून गेल्या.

भाचीने अजून काही ठरवलेलं नाही. तिला ते राखाडी मोठं कार्पेट फार आवडलं आहे, आणि तिच्या घरी सोफा हलवायला दोघं तरुण माणसं आहेत, असं तिचं म्हणणं आहे. येत्या रविवारी मी टेप घेऊन बोईसरला जाणार आहे. आमची सतरंजी काल वाळवून कपाटात गेली.